शांतबाळ थेंब

घटक: बडीशेप, साखर, पाणी. अफू नाही.

“हे लेबल खोटं आहे,” औषध खात्याचा निरीक्षक गुप्तहेराला म्हणाला. “आणि प्रयोगशाळा म्हणते, खरं आहे.”

हे थेंब घेऊन झोपलेली दोन बाळं उठली नव्हती. तक्रार खात्यात वर्षभर फिरली. मग निरीक्षकाने धाड घातली, मधल्या खणातली बाटली स्वतः उचलली, तिथेच लाखेचं सील ठोकलं. आत निघालं साखरपाणी. कारखाना पुन्हा सुरू झाला आणि बाटली बदलल्याचा आरोप त्याच्यावर आला. उद्या चौकशी. नोकरी जाणार होती.

“खाल्ली का हो लाच?” गुप्तहेराच्या मेहुण्याने विचारलं.

“मेहुणे, तुम्ही छत्री धरा,” गुप्तहेर म्हणाला, “आणि तोंड मिटा.”

मात्रा: रडणाऱ्या बाळास पाच थेंब.

प्रयोगशाळेतला मदतनीस म्हणाला, “सील शाबूत होतं. वरची सही यांचीच.”

कारखान्याचा मालक हसला. “काढा मी बंद खोलीत करतो. बाटल्या बायको भरते. पण सहा महिने धंदा बसलाय. आया म्हणतात, पोरं झोपत नाहीत. का हो असं?”

बायको मागल्या अंगणात बुचं बसवत होती. बुचं एका पाळण्यात भरलेली. मोरीच्या कडेला कोंबड्या माना टाकून बसल्या होत्या.

“दाजी, भरदुपारी पेंगतायत! माझ्यावर ताण केली.”

गुप्तहेर हसला नाही.

इशारा: झाकण घट्ट लावावे.

संध्याकाळी गुप्तहेराने निरीक्षकाला आणि मालकाला त्याच अंगणात उभं केलं.

“सील शाबूत, म्हणजे बाटली नंतर बदलली नाही. उचलली यांनी आपल्या मनाने, म्हणजे एखादीच साखरपाण्याची ठेवून भागलं नसतं. सगळ्याच तशा होत्या. मालकाला ठाऊक असतं, तर धंदा का बसला हे त्याने मला विचारलं नसतं. मग खरा काढा गेला कुठे?” त्याने मोरीकडे बोट दाखवलं. “कोंबड्यांच्या पोटात.”

मालक बायकोकडे वळला. “तू ओतलास?”

“सहा महिने ओततेय. आपली तान्ही उठली नाही त्या दिवसापासून.” तिने हातातलं बूच पाळण्यात टाकलं. “तुम्ही म्हणालात, ताप होता. ताप नव्हता. लेबल वाचून मीच पाजलं होतं.”



निरीक्षक हळूच म्हणाला, “बाई, खात्याला का नाही कळवलंत?”

“त्या दोन बाळांच्या तक्रारीला वर्ष लागलं ना, साहेब? तोवर बाटल्या कुणी भरल्या असत्या?”



मुदत: लिहिलेली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने चौकशीत सगळं सांगितलं. निरीक्षकाची नोकरी राहिली. मालकाला धरलं, आणि आधीच्या बाटल्या भरल्या म्हणून तिलाही.

जप्ती निरीक्षकालाच करावी लागली. मेहुणा यादी लिहायला बसला. कढई, बाटल्या, लेबलांचे गठ्ठे.

“हे?” त्याने विचारलं.

निरीक्षकाने पाळण्यातली बुचं ओंजळीओंजळीने पोत्यात भरली. तळाशी दुपट्याची घडी होती. ती त्याने होती तशीच ठेवली.

“बुचं लिहा,” तो म्हणाला. “पाळणा नको.”