प्रस्थानाची पिशवी

"या गोळ्या ज्यांच्यासाठी आहेत, त्यांचं लग्न झालंय का?"

विचारून टाकलं आणि गार्गीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. मागच्या कपाटाआड तिच्यासोबत काम करणाऱ्या वसुंधरा आणि अरोहा एकमेकींचे दंड आवळून हसू गिळत होत्या. पैजच तशी लागली होती – आज ज्या गिऱ्हाइकाकडे गार्गी दुसऱ्यांदा वळून बघेल, त्याला लग्नाचं विचारायचं. ऑकलंडमधल्या हेन्डरसनच्या त्या छोट्याशा फार्मसीत सकाळपासून सर्दी, पित्त आणि गुडघेदुखी यांच्याशिवाय कोणी फिरकलं नव्हतं. आणि मग हा आला. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, भुवईवर पावसाचा एक थेंब अडकलेला... आणि फोनवर आईला चक्क मराठीत समजावत होता, "अगं, बोट लागू नये म्हणून गोळ्या मिळतात इथे. तू डझनभर लिंबं नको बांधून घेऊस."

गार्गीनं वळून बघितलं. दोनदाच.

"झालंय ना," तो गंभीरपणे म्हणाला. "चाळीस वर्षं झाली. बाबांसाठी आहेत गोळ्या."

कपाटामागे कोणाला तरी ठसका लागला.

"औषध देताना विचारावं लागतं," गार्गी म्हणाली.

"लग्नाचं?"

"म्हणजे... सोबत लक्ष ठेवायला कोणी आहे का, ते."

"अच्छा. आई आहे. मी पण आहे." गोळ्या खिशात टाकून तो दारापर्यंत गेला आणि घुटमळला. "माझं नाही झालेलं. लेबलवर लिहायचं असेल तर."

त्याचं नाव इंद्रनील. पेनरोजच्या एका डेपोत मालाचे ट्रक कुठे, कधी जायचे ते बघायचं त्याचं काम. आई-वडील, सुलेखाकाकू आणि राजारामकाका, सांगलीहून येऊन माउंट रॉस्किलला त्याच्याकडे राहिले होते. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून त्यानं दोघांना कॅरिबियन समुद्रातली क्रूझ भेट दिली होती, आणि काकांच्या ब्लडप्रेशरच्या काळजीनं शेजारची केबिन स्वतःसाठी घेतली होती. ऑकलंडहून विमानानं अमेरिकेत, फ्लोरिडाला दोन दिवस हॉटेलात विश्रांती, मग बोट.

हे सगळं गार्गीला एकदम कळलं नाही. थोडंथोडं कळलं, कारण हा बाबा सामान एकदम घेऊन जाईच ना. आधी विमानात पाय सुजू नयेत म्हणून घट्ट मोजे. मग उन्हाचं क्रीम. मग 'आईला मोजे जरा जास्तच घट्ट होतायत.'

"पेनरोजहून इथे येताना वाटेत किती फार्मसी लागतात?" मोजे बदलून देताना तिनं एकदा विचारलंच.

"हीप्स. ढिगानं."

"मग?"

"तिथे लग्नाचं विचारत नाहीत."

गोळ्या आधी एखाद्या छोट्या फेरीत घेऊन बघा, असं तिनंच सुचवलं होतं. मग देखरेखीला फार्मसिस्ट नको का, असं तो म्हणाला. रविवारी चौघंजण डेव्हनपोर्टला जाणाऱ्या फेरीबोटीत बसले. काकू आत चिवड्याचा डबा मांडीवर धरून, काका खिडकीशी – "यापेक्षा आमच्या कृष्णेतली नाव जास्त हलते हो" असं सगळ्या बोटीला ऐकू जाईल अशा आवाजात. वर डेकवर नुसता वारा. गार्गीचे केस त्याच्या तोंडावर आपटत होते आणि तो बाजूला होत नव्हता. दोघांचे हात कठड्यावर. करंगळ्यांमध्ये जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी जागा...

बोट एकदा हिंदकळली आणि तेवढीही उरली नाही. सॉरी कोणीच म्हणालं नाही.

"तुला बोट लागते का गं?" त्यानं समुद्राकडे बघत विचारलं.

"आत्ता लागतेय थोडी," ती म्हणाली.

सगळं असं छान चाललेलं असताना काकूंनी पंचांग उघडलं. प्रवासाचा शनिवार नेमका अमावस्येचा निघाला.

"आणि वर ती तारखेची रेषा," काकू एव्हाना ओळखीच्या झालेल्या गार्गीच्या आईला फोनवर सांगत होत्या. "शनिवारी संध्याकाळी इथून निघायचं, आणि तिकडे उतरायचं तेही शनिवारीच. म्हणजे एकच अमावस्या दोनदा भोगायची. असलं कुठे बघितलंय का हो, सुनीताताई?"

यावर उपाय एकच – प्रस्थान ठेवायचं. चांगला दिवस बघून आपली एखादी वस्तू, तांदूळ, सुपारी, हळदकुंकू एका पिशवीत घालून दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. त्या दिवशीच प्रवासाला निघालो असं मानायचं आणि खरं जाताना पिशवी उचलून पुढे व्हायचं. माउंट रॉस्किललाच, दोन गल्ल्या सोडून राहणारं मराठी घर म्हणजे गार्गीचं. बुधवारी भल्या सकाळी काका-काकू पिशवी घेऊन हजर.

"सांगलीत अजून मंगळवारच आहे," काका चपला काढता काढता म्हणाले. "मुहूर्त नक्की कुठला लागू होणार?"

"तुम्ही गप्प बसा," काकू म्हणाल्या.

पिशवी देवापाशी ठेवून झाली. गार्गी ओट्याशी चहा गाळत होती. बाहेर काकू आईला सांगत होत्या, "या निमित्तानं आमच्या इंद्रनीलचंही बघणं होऊन जाईल. माझ्या मैत्रिणीची ऋग्वेदा, टॅम्पाला दातांची डॉक्टर आहे. त्यांनीपण त्याच बोटीची तिकिटं काढलीत. आठवडाभर एकत्र राहतील, बोलतील... पोह्यांच्या बशीपेक्षा बरं, नाही का?"

चहा कपात पडायचा तो बशीत पडला.

म्हणजे त्याला माहीत होतं. फेरीत, कठड्याशी उभा असतानाही माहीत होतं.

काका-काकू गेल्यावर आईनं तिच्या हातातून ओलं फडकं काढून घेतलं. "आवडतो का?"

गार्गीनं बशी विसळायला घेतली. तेवढं आईला पुरलं.

"मग गप्प राहायचं. त्यांनी विषय काढला तर बघू. मुलीनं आपण होऊन विचारायचं नसतं, गार्गी. हसं होतं."

शुक्रवारी तो फार्मसीत आला. घ्यायचं काही उरलंच नव्हतं, म्हणून त्यानं ओठांना लावायचं मलम उचललं.

"उद्या पिशवी न्यायला येतो आम्ही. घरी असशील ना?"

"कशाला?"

"कशाला म्हणजे... निघायच्या आधी तुला जरा—"

"बोटीवर भेटतील की लोक. मोठी बोट आहे."

त्याच्या भुवया जवळ आल्या. "काय झालंय?"

"काही नाही. येऊ नका तुम्ही. पिशवी राहू दे इथेच, मला काही फरक पडत नाही." तिनं त्याच्या खांद्यावरून मागे बघितलं. "पुढचे, प्लीज."

तो मलम घेऊन गेला. सुटे पैसे काउंटरवरच राहिले. अरोहानं न विचारताच तिच्यासाठी चहा करून आणला, आणि तेव्हा मात्र गार्गीला रडू आलं.

शनिवारी दुपारी आईबाबा वाणसामानाला गेले. गार्गी खिडकीशी चहाचा कप घेऊन बसली. येऊ नका म्हणून सांगणारी ती स्वतःच, आणि गल्लीत वळणारी प्रत्येक गाडी बघत होती तीच. गाडी आलीच नाही. मेसेज आला. 'सरळ एअरपोर्टला आलोय. पिशवी राहू दे, तू म्हणालीस तसं.'

झालं. संपलं.

तिनं देवापाशी जाऊन पिशवी उचलली. काकूंची साडी, काकांचा मफलर... आणि मफलरच्या घडीत काहीतरी टणक. तिनं हात घातला. दोन पासपोर्ट. अमेरिकेच्या व्हिसासकट.

तिनं आधी एक उघडला, मग दुसरा.

काकूंचा फोटो कॅमेऱ्यावर रागावल्यासारखा होता. काका हसू दाबत होते. गार्गी पासपोर्ट हातात धरून तशीच खुर्चीत बसली. घरात कोणी नव्हतं. तिनं पिशवी उघडली हे कोणाला कळणारही नव्हतं. घडी परत घालायची, पिशवी होती तिथे ठेवायची, बस. हे दोघं विमानात चढणार नाहीत, मग तोही चढणार नाही. बोट फ्लोरिडाहून निघून जाईल, टॅम्पाच्या दातांच्या डॉक्टरला घेऊन. आणि सोमवारी तो कसलीतरी गोळी घ्यायला हेन्डरसनला येईल...

समोरच्या चहावर साय धरली.

मग तिनं फोन उचलला. "इंद्रनील, कुठे आहात?"

"चेक-इनच्या रांगेत. का?"

"काकांना पासपोर्ट मागून बघ."

दुसऱ्या टोकाला काहीतरी कुजबुज झाली, मग काकूंचा चढलेला आवाज.

"माझ्याकडे आहेत," गार्गी म्हणाली. "रांग सोडू नका. निघाले मी."

पायात घरातल्या रबरी जँडल्स तशाच. पाऊस वायपरला दाद देत नव्हता. रस्त्याच्या कामाचे नारिंगी शंकू आज एअरपोर्टच्याच वाटेवर मांडायचे होते का कोणाला? प्रत्येक सिग्नल तिला बघून लाल होत होता. शेजारच्या सीटवर पिशवी होती, तिला तिनं सीटबेल्ट लावला होता.

ती आत धावत शिरली तेव्हा काउंटरसमोर काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या, पांढऱ्याफटक. काका मात्र वाद घालत होते.

"माझं काय चुकलं? तूच म्हणालीस, ज्याच्यावाचून प्रवास अडेल अशी वस्तू ठेवायची. पासपोर्टावाचून जास्त काय अडणार?"

"अहो, सुपारी ठेवतात. अंगावरचं वस्त्र ठेवतात."

"सुपारी दाखवून विमानात घेतात का? मला वाटलं, पिशवी घेतानाच घेऊ. टॅक्सीत जरा डोळा लागला, उठल्यावर वाटलं घेतलीच असेल, तर तुम्ही वळलाच नाहीत."

पासपोर्ट हातात पडताच काकूंनी ते कपाळाला लावले. मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं.

"पण गार्गी, तुम्ही तर सगळे हॅमिल्टनला गेला होतात ना? हा म्हणाला, घराला कुलूप आहे."

सगळे इंद्रनीलकडे बघायला लागले.

"तीच म्हणाली, येऊ नका," तो म्हणाला.

"का म्हणाले मी, ते विचारलंस का?" गार्गीला धाप लागली होती.

"विचारलं. तू म्हणालीस, पुढचे प्लीज."

"ऋग्वेदाला बघायला निघालेल्या माणसाला आणखी काय म्हणायचं असतं?"

"कोण ऋग्वेदा?"

काकूंना अचानक पिशवीची गाठ सोडवायची निकड आली. काका विमानांच्या वेळांचा फलक वाचायला लागले.

"आई?"

"बोटीवर गेल्यावर सांगणार होते," काकू गाठीकडे बघत म्हणाल्या. "समुद्रातून पळून कुठे जाशील, म्हणून."

इंद्रनील हसला नाही. त्यानं गार्गीचं कोपर धरून तिला खांबाआड नेलं. तिच्या केसांतून पाणी ठिबकत होतं. आता बोललं नाही तर ते आयुष्यभर घशात अडकणार, हे तिला कळत होतं.

"ऐक आधी," ती म्हणाली. "पासपोर्ट सापडल्यासापडल्या फोन नाही केला मी. हातात घेऊन बसून राहिले. वाटलं, ठेवून द्यावेत परत. तुमची बोट जाऊ दे, ती मुलगी जाऊ दे..."

"मग आणलेस का?"

"तू राहिलास तर माझ्यासाठी राहायला हवास. पासपोर्ट नाहीत म्हणून नाही."

कुठलीशी घोषणा झाली, कोणाची तरी बॅग चाकांवरून खडखडत गेली.

"नाही जात मी," तो हळूच म्हणाला. "यांना विमानात बसवतो आणि—"

"जायचं. काका गोळ्या विसरतील."

"गार्गी, मला तू..." त्याचे शब्द अडखळले. "आवडतेस तू मला."

"मला मोज्यांपासून माहितीये." तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हसूही. "मलाही तू. फार. आता जा."

काउंटरवरची बाई हात करून बोलावत होती. काकूंनी सोडलेल्या पिशवीतून कुंकवाची पुडी काढली आणि गार्गीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मी त्या लोकांना शब्द दिलाय गं. भेटणं काही टळायचं नाही."

"हो काकू."

"पण नुसतं भेटणं म्हणजे काही..." वाक्य त्यांनी तसंच सोडलं. गार्गीच्या ओल्या कपाळावर बोट टेकवलं, जरा जास्तच वेळ, आणि भराभर चालायला लागल्या. इंद्रनील वळणावर दिसेनासा होईपर्यंत उलटा चालत होता. एका सुटकेसला धडकलाही.

ती घरी आली तेव्हा आई डब्यांत डाळी भरत होती. बाबा टीव्हीवर मॅच लावून बसले होते. आईनं कपाळावरचं कुंकू बघितलं आणि हातातलं माप तिथेच ठेवलं.

"काही म्हणाल्या का सुलेखाताई?"

"नाही. अर्धं वाक्य बोलल्या."

"मग थांबायचं. परत येऊ देत त्यांना. उरलेलं वाक्य बोलतात का बघू. ती तिकडची मुलगी पसंत पडली तर—"

"पडू शकते," गार्गी म्हणाली. आवाज सरळ होता. तिनं रिमोट उचलून मॅच बंद केली. बाबांनी चष्म्यावरून वर बघितलं.

"आई, बाबा, मी थांबणार नाहीये. इंद्रनील परत येईल त्या दिवशी एअरपोर्टवर जाऊन मी त्याला लग्नाचं विचारणार आहे. हसं झालं तर माझं होईल. परवानगी नाही मागत, आधी सांगून ठेवतेय. तुम्हाला यायचं असेल तर गाडीत मागे जागा आहे."