मोकळा झालेला डोळा

पट्टी निघायच्या दिवशी घड्याळजी सकाळपासून पलंगावर ताठ बसून होता, सहलीला निघालेल्या पोरासारखा. दाढीसुद्धा करून घेतली होती. सिस्टर औषध घेऊन आली, तर तिलाच विचारलं, "डॉक्टरबाई उठल्या असतील ना एव्हाना?"

उतावीळ का होऊ नये माणसानं? दुखणं लाखात एखाद्याला होणारं. कवटीचं हाड आतल्या आत फुगत गेलं आणि डोळ्यांच्या नसा ज्या भोकांतून मेंदूकडे जातात, ती भोकंच बुजायला लागली. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यानं बसवणारा हा माणूस, बघता बघता चहाचा कप चाचपायला लागला. दुकान बंद पडलं, त्याचंही त्याला एवढं नव्हतं. बायकोचा चेहरा पुसट होत होत नुसता एक डाग उरला, ते मात्र जिव्हारी लागलं. ऑपरेशनचा हट्ट तिनंच धरला. "मला नीट बघायचंय ना तुम्हाला? मग भ्यायचं काय त्यात?" असं म्हणत त्याला इथवर घेऊन आली. डॉक्टरबाईंनी उजव्या बाजूचं हाड कोरून कोरून नस मोकळी केली होती.

त्या आल्या. पट्टी सोडली. पापणीची सूज उतरली होती. त्यानं पापणी हळूच उघडली, आणि काय सांगू, उजेड नुसता धो धो आत आला.

"काय दिसतंय, काका?"

"तुमच्या कोटाचं दुसरं बटण सैल झालंय. आणि भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा अडखळतोय. काढून द्या, नीट करून देतो."

डॉक्टरबाई मनापासून हसल्या. सिस्टरनं टाळी वाजवली. स्वारीला तर काय बघू अन् काय नको असं झालं होतं. चादरीची वीण, ग्लासातला बुडबुडा, स्वतःच्या नखावरची रेघ, सगळं कसं लख्ख. हातात पलंगाशेजारी स्टुलावर बसलेल्या बायकोचा हात होता. तो त्यानं घट्ट दाबला आणि तिच्याकडे वळला.

स्टूल रिकामं होतं.

"अहो, इथेच तर आहे मी," ती स्टुलावरून म्हणाली. आनंदानं तिचा आवाज कापत होता.

त्याची बोटं कुणीतरी आवळत होतं. दाबून पांढरी पडलेली कातडी त्याला स्पष्ट दिसत होती. आवळणारा हात दिसत नव्हता.

"काकू, आता कसलं रडताय?" डॉक्टरबाई त्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाल्या. "आता हसायचं."

भिंग लावताना एक डोळा मिटायची त्याला जन्माची सवय. त्यानं उजवा मिटला. डाव्याच्या धुक्यात स्टुलावर पिवळा डाग बसलेला होता, त्याच्या बायकोएवढा. डावा मिटून उजवा उघडला. स्टूल, त्यावरचं फाटकं रेक्झिन, रेक्झिनला घातलेले टाके. बाकी कुणी नाही. पुन्हा मिटला, पुन्हा उघडला.

"सारखे मिचकावू नका डोळे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "उजवा फर्स्टक्लास आहे. पुढच्या आठवड्यात डावा करू. नाही केला तर तो कायमचा जाईल, हे आत्ताच सांगून ठेवते." आणि सिस्टरला घेऊन त्या खुशीत निघून गेल्या.

खोलीत दोघंच उरली. म्हणजे उजव्या डोळ्यापुरतं बोलायचं तर तो एकटाच. रेक्झिन मात्र मधोमध दबलेलं होतं.

त्यानं कुणाला काही सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय, आणि कुठल्या तोंडानं?

त्याच्या डोळ्यांची उघडझाप ती बघत असावी. मग हात न सोडता, अगदी हळू तिनं विचारलं, "कुठल्या डोळ्याला दिसत नाहीये मी...?"

"उजव्या," तो कसाबसा म्हणाला.

"तरीच..."

ती जवळ सरकली. तिचा श्वास त्याच्या कानाला लागला.

"मग डाव्याला हात लावू देऊ नका त्यांना. तो राहील तितके दिवस त्यात मला राहू दे..."

त्यानं उजवा डोळा तळहातानं झाकला आणि तिच्याकडे बघितलं. पिवळा डाग अगदी जवळ आला होता. ती हसत होती की रडत होती, तेवढं मात्र त्या डोळ्याला कळत नव्हतं.