मागे घेतलेला प्रश्न

दीपेश पहिल्यांदा दुकानात शिरला तेव्हा ना नमस्कार ना चमत्कार, एकदम तिची खुर्चीच मागितली.

“मॅडम, उठा जरा. पंधरा मिनिटंच आहेत.”

रोशनी उठली नाही. तलासरी नाक्यावरच्या त्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात तिला चार वर्षं झाली होती. दाखले, भरतीचे अर्ज, पीक विमा... घाईत आलेली माणसं तिने पुष्कळ पाहिली होती.

“तुम्ही तिकडं बसा. काय भरायचं ते सांगा, मी भरते.”

तो बसला. आपण आमदारांचे पी.ए. आहोत, डहाणूच्या कार्यालयातलं नेट गेलंय आणि अधिवेशनासाठी प्रश्न पाठवायची आज पाचपर्यंतच मुदत आहे, हे त्याने एका दमात सांगितलं. मग तो बोलत गेला आणि ती टाईप करत गेली. “...हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?”

“सगळे प्रश्न असेच संपतात?”

“सगळे. सुरुवात कशीही असो, शेवट ठरलेला.”

शेवटचा प्रश्न गेला आणि स्क्रीनने ओटीपी मागितला. दीपेशने खिशातून दुसरा फोन काढला आणि आकडे वाचून दाखवले.

“आमदारांचा फोन तुमच्या खिशात?”

“आमदारांचं सगळंच माझ्या खिशात असतं,” तो हसला. “सही, लॉगिन, ओटीपी. फक्त आमदार तेवढे मुंबईत असतात.”

तीही हसली. तेव्हा ते वाक्य तिला फार गोड वाटलं होतं.

पाचला तीन मिनिटं होती. त्याने समोरच्या टपरीवरून दोन चहा मागवले. तिचा अर्धा तसाच राहिला, तेव्हा तो सभागृहातल्यासारखा घसा साफ करून म्हणाला, “एका मुलीने चहा अर्धाच प्यायला, हे खरे आहे काय?”

तिने जरा विचार केला. “अंशतः खरे आहे.”

“असल्यास, कारणे काय आहेत?”

“साखर जास्त.”

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, आणि चहा कमी साखरेचा होता. डहाणूचं नेट तर सकाळीच सुरू झालं होतं, पण ते त्याने सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. नेट सारखंच जायला लागलं म्हणा ना! जानेवारी सरेस्तोवर ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. कैनाडच्या घरच्या वाडीतल्या मिरच्या कागदात बांधून आणणारा प्रियकर तिने कुठल्या सिनेमात पाहिला नव्हता, पण मिरच्या झणझणीत होत्या आणि त्याच्याकडे बघताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं ते मिरचीनेच, असं ती मैत्रिणींना सांगायची.

एके दिवशी तिने विचारलं, “दीपेश, तुझे आमदार आमच्या पाड्याचं विचारतील का?”

तिचा पाडा झरीच्या पलीकडे, ओहोळाच्या त्या तीरावर. ओहोळावर पायी ओलांडायला साकव मंजूर झाला होता, आणि कागदावर तो बांधूनही झाला होता. प्रत्यक्षात दोन खांब तेवढे उभे. मागच्या श्रावणात तिची मोठी बहीण जिजा बाळंतपणाला अडली. चौघांनी तिला झोळीत घालून काठापर्यंत आणलं, पण पाणी वर चढलेलं. ते उतरेपर्यंत दोन तास गेले. रोशनी शेजारी बसून मोबाईलवर वेळ बघत होती. जिजा वाचली, बाळ गेलं. त्या दिवसापासून जिजा ओहोळाकडे पाठ करून बसते.

हे सांगताना रोशनी रडली नाही. दीपेशने टेबलावरचा कोरा कागद पुढे ओढला. मग म्हणाला, “मी लिहितो. तू टाईप कर.”

रविवारी तो पाडा बघायला आला. पाणी घोट्याएवढं होतं. खांबांचे फोटो काढून झाल्यावर तो घरी आला, आणि रोशनीच्या बापाशी, सुक्याशी, त्याची अशी गट्टी जमली की रोशनीलाच मध्ये बोलायला जागा राहिली नाही.

“आमच्या येळेला आमदाराकडं माणूस कोण? मीच,” सुक्या म्हणाला. “पगार नाय, खुर्ची नाय. प्रश्न हातानं लिवायचा, पिशवीत घालायचा, पहाटंची गाडी पकडून विधानभवनात नेऊन द्यायचा. तिथं एक म्हातारा कारकून होता. पूर्ण वाचायचा, लाल शाईनं सुधारायचा, मग शिक्का. पुढं सरकारनं आमदारांना पी.ए. दिला, त्याला पगार दिला. मग डायवर दिला.”

“आता तर तिकडं खूप वाढलंय, काका. समित्यांना वेगळे अधिकारी, माहिती काढून द्यायला वेगळी शाखा. एक मेल टाकला की दहा वर्षांची आकडेवारी येते. आणि प्रश्न तर इथूनच जातो, बसल्या जागी.”

“बरा हाय,” सुक्या म्हणाला. “पण एक सांगतो. एकदा आमदारानं मला चिठ्ठी दिली, प्रश्न मागं घेतो म्हणून. जंगलाच्या ठेकेदाराचा प्रश्न होता. चिठ्ठी घेऊन मी गाडीत बसलो. तीन तास नुसता इचार. मुंबईत उतरलो, दारासमोर बाकावर बसलो, संध्याकाळ झाली. तसाच माघारी आलो. प्रश्न सभागृहात आला. आमदार दोन महिनं माझ्याशी बोलला नाय.”

“आणि मग?”

“मग बोलला. दुसरा माणूस कुठं होता त्याच्याकडं?”

दीपेश मनापासून हसला. निघताना ओहोळाच्या मधोमध थांबून त्याने रोशनीचा हात धरला. “साकव होईल तेव्हा पहिली वरात आपली न्यायची. या प्रस्तावावर शासनाचे म्हणणे काय?”

“प्रस्ताव विचाराधीन आहे,” ती म्हणाली, पण हात सोडवून घेतला नाही.

मार्चमध्ये साकवाचा प्रश्न अधिवेशनात लागला. छापील यादीत तिसरा! दीपेशने यादीचा फोटो पाठवला आणि रोशनीने तो झरीच्या शाळेच्या गुरुजींपासून टपरीवाल्यापर्यंत सगळ्यांना दाखवला. त्या दिवशी अख्खा पाडा शाळेच्या टीव्हीसमोर येऊन बसला. सुक्याने धुतलेला सदरा घातला होता. जिजासुद्धा आली, भिंतीशी बसली.

पहिला प्रश्न झाला. दुसऱ्यावर गोंधळ झाला. मग तिसऱ्याचा क्रमांक पुकारला गेला आणि अध्यक्ष मान वर न करता म्हणाले, “सदस्यांनी प्रश्न मागे घेतला आहे. पुढचा.”

कोणाला काही कळलंच नाही. “आपला कधी येणार?” असं एका म्हातारीने दोनदा विचारलं. रोशनीला मात्र लगेच कळलं. दिवसाला चाळीस ओटीपी घेणारी पोरगी ती. फोन कोणाच्या खिशात असतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

जिजा उठली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी दीपेश दुकानात आला. चहा मागवला नाही.

“साहेबांनी तो प्रश्न वाचलाच नव्हता,” तो म्हणाला. “यादी छापून आल्यावर साकवाच्या ठेकेदाराचा त्यांना फोन गेला. तो त्यांचाच माणूस निघाला. मला म्हणाले, काढ.”

“आणि तू काढलास.”

“रोशनी, माझी नोकरी ते आमदार आहेत तोवर. उद्या पडले की मी रस्त्यावर. ते मला मंत्र्यांच्या ऑफिसात लावतायत. मुंबईत खोली मिळेल. मी... आपल्यासाठीच केलं.”

“कधी काढलास?”

“सोमवारी. दुपारी, घरी.”

“किती वेळ लागला?”

त्याने खाली बघितलं. “ओटीपी यायला लागतो तेवढा.”

तिने रागाने काही फेकलं नाही, आरडाओरडा केला नाही. रांगेतल्या माणसाचा आधार क्रमांक विचारला आणि टाईप करायला लागली. दीपेश थोडा वेळ उभा राहिला, मग गेला. त्याच्यावरचं प्रेम मात्र गेलं नाही, आणि खरा जाच तोच होता. नंबर तिने ब्लॉक केला, पण महिनाभर रोज चारच्या सुमाराला तिची मान आपोआप दाराकडे वळायची.

पुढे साकवासाठी तिने स्वतःच तीन अर्ज केले. तिन्हींच्या पोचपावत्या आल्या. सरकारी काम, सहा महिने थांब.

जुलैत ओहोळ भरला. एका दुपारी शेजारचा काकड्या सांगत आला, “पलीकडं तुझा पाहुणा आलाय.”

ती डोक्यावर इरलं घेऊन काठावर गेली. पलीकडे दीपेश उभा होता, नवा शर्ट, हातात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला लिफाफा. तिला बघताच तो काहीतरी मोठ्याने बोलला. पाण्याच्या आवाजात एकही शब्द इकडे येईना. त्याने लिफाफा उंच धरला, दक्षिणेकडे, मुंबईच्या दिशेला, हात केला. मग स्वतःकडे बोट दाखवलं, मग तिच्याकडे.

तिला सगळं कळलं. नोकरी लागली होती, खोली मिळाली होती, आणि तो मागणी घालायला आला होता.

तो पाण्यात उतरला. दोन पावलांत मांडीपर्यंत बुडाला, धडपडला, माघारी फिरला. त्या दोन खांबांमधून गढूळ पाणी धावत होतं. तो खांबांकडे बघत राहिला... बराच वेळ. मग तिथल्याच एका दगडावर बसला आणि तिच्याकडे बघून त्याने हात जोडले.

एकदा तिला वाटलं, बसावं आपणही. पाणी उतरेल, तो येईल, भिजलेला, आणि विचारेल, विलंबाची कारणे काय आहेत? आणि आपल्याला हसू येईल. हसू आलं की संपलंच सगळं, हे तिला माहीत होतं. म्हणून ती घराकडे वळली.

घरात जिजा चुलीपाशी भात रांधत होती, ओहोळाकडे पाठ करून. सुक्या खाटेवरून म्हणाला, “पोरगा बसलाय का अजून?”

“बसलाय.”

“किती येळ झाला?”

रोशनीने इरलं कोपऱ्यात टेकवलं. “जिजा काठावर अडकली होती तेवढा नाय झाला अजून.”

तिने दार लोटलं, आतून कडी घातली आणि जिजाच्या हातातला पळा घेतला.