दोन मार्गदर्शक, एक गुडघा

वेळापत्रकात घोळ झाला आणि एकाच तासाला, एकाच वर्गात दोन प्राध्यापक येऊन उभे राहिले. ती नियंत्रण अभियांत्रिकी शिकवायची, तो कृत्रिम बुद्धिमत्ता.

"तुम्ही घ्या तास," तो म्हणाला. "माझी मुलं मागे बसतील. आणि... मीही."

पाच मिनिटांत उठून जाईल, असं तिला वाटलं. पण तळहातावर उभी पट्टी तोलत यंत्र स्वतःला कसं सावरतं हे ती सांगू लागली, तेव्हा तो बाकावरून अर्धा पुढे झुकला होता.

"तीन शंका आहेत," तास संपताच तो म्हणाला. "एका कॉफीत बसतील?"

"शंका कसल्या आहेत त्यावर आहे," ती हसली.

पुढे विभागाने दोघांना मिळून एक संशोधक विद्यार्थिनी दिली. लहान मुलीला आईकडे ठेवून रोज प्रयोगशाळेत येणारी, जिद्दीची बाई. माणसाची चाल शिकून घेणारा कृत्रिम गुडघा बनवत होती. त्या गुडघ्यावरून दोघांची रोज जुंपायची.

"तुमचा गुडघा शिकता शिकता माणूस पडला तर?" ती विचारायची.

"आणि तुमच्या ठरावीक नियमांच्या गुडघ्याने सगळे कवायत केल्यासारखे चालले तर?" तो म्हणायचा.

"सर, मॅडम," विद्यार्थिनी हात जोडायची, "तुमचं झालं की माझा प्रबंध सुरू करू का?"

आढाव्याच्या दिवशी मात्र चाचणीच्या सांगाड्यावर गुडघ्याने असा हिसका दिला, की सगळे दचकले. समितीचे प्रमुख कडाडले, "याला एवढी मोकळीक कुणी दिली?"

विद्यार्थिनीचा चेहरा पांढराफटक पडला. तिची शिष्यवृत्ती आजच्या निकालावरच होती.

तो उठला. "मी. मॅडमनी मर्यादा घालायला सांगितलं होतं. मीच हट्टाने काढायला लावली. हिची काही चूक नाही."

प्राध्यापिका त्याच्याकडे बघतच राहिली. मग खडू घेऊन फळ्याकडे गेली. गुडघ्याने शिकावं सरांच्या पद्धतीने, पण आपण आखलेल्या मर्यादेच्या आत... अर्धा तास ती बोलत होती. सहा महिन्यांची मुदत मिळाली. विद्यार्थिनी रडत रडतच आईला फोन करायला पळाली.

ओसरत्या उन्हात दोघं व्हरांड्यात उभी होती.

"सगळ्यांसमोर कबूल करायची काय गरज होती? मी सांभाळून घेतलं असतं."

"चूक माझी. खापर तिच्या डोक्यावर कशाला?"

किती सहज म्हणाला!

"आई विचारत होती," तो खाली बघत पुटपुटला, "हल्ली फोनवर सारखं 'आमच्या मॅडम, आमच्या मॅडम'... कोण रे त्या?"

"मग?"

"म्हटलं, सहकारी आहेत."

"आईशी खोटं बोललात?"

त्याने झटकन मान वर केली. कानांच्या पाळ्या लालबुंद—

"मग... खरं काय सांगू?"

"तुम्ही राहू द्या," ती त्याच्या बाहीवर हात ठेवत हळूच म्हणाली, "रविवारी मला घरी घेऊन चला. मीच सांगते."