माझ्या बाबांचं मशीन

तो आमच्या दुकानात शिरला तो चुकून. एका हातात चष्मा, दुसऱ्या हातात त्याची निखळलेली दांडी, आणि डोळे बारीक केलेले.

"एवढा स्क्रू बसवून देता का?"

"चष्म्याचं दुकान शेजारी आहे. इथे कानाचं मशीन मिळतं."

"चष्म्याशिवाय पाटीच वाचता आली नाही हो..."

मला हसू आवरलं नाही. मशीन उघडायचा बारीक पेचकस होताच, दांडी बसवून दिली. त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे बघितलं - जरा जास्तच वेळ.

"आता नीट दिसतंय."

"काय?"

"पाटी," तो म्हणाला. पाटी त्याच्या पाठीमागे होती.

तो शाळेत चित्रकला शिकवायचा. नखांच्या कडांना निळा रंग लागलेला होता. जाता जाता दारात थांबून त्याने विचारलं, "माझ्या वडिलांना, आप्पांना आणू का? तीस वर्षं त्यांनी मुलांना पोहायला शिकवलं. आता ऐकू येत नाही, पण आवाज अजून तलावावरचाच आहे."

आमचे साहेब नेहमी सांगायचे, "गिऱ्हाईक आधी माणसावर विश्वास ठेवतं, मग मालावर. घरातलं एखादं उदाहरण द्यायचं. विश्वास बसला की विकायला कष्ट नाहीत." बोलणं खरंच होतं. पण आमच्या घरात उदाहरण नव्हतं. माझ्या बाबांना शेजारच्या खोलीत बिस्किटाचा पुडा उघडला तरी ऐकू यायचं.

आप्पा आले ते हाताची घडी घालूनच. "मला काही नको! लोक म्हणतील, म्हातारा झाला!"

महिनाभर माझी एकही विक्री झाली नव्हती. आणि खरं सांगायचं तर, त्यांना घेऊन आलेले चित्रकलेचे सर माझ्याकडे आशेने बघत होते. मी आप्पांसमोर बसले आणि मोठ्याने म्हणाले, "माझे बाबाही असंच म्हणायचे, आप्पा. आता मशीन काढा म्हटलं तर भांडतात."

आप्पांची घडी सुटली. "खरं?"

"अगदी खरं."

मशीन विकलं गेलं. निघताना सर हळूच म्हणाले, "तुम्ही घरचं सांगितलंत म्हणून ऐकलं त्यांनी. नाहीतर माझं कोण ऐकतंय?" त्या शब्दांनी आनंद व्हायला हवा होता... पण कानशिलं गरम झाली.

मग आवाज कमीजास्त करून घ्यायला ते येऊ लागले. आप्पांचं काम पाच मिनिटांचं, सरांचं मात्र संपायचंच नाही.

"मॅडम, हा आवाज जरा कमी करता येईल का?"

"मशीनचा?"

"आप्पांचा."

मी हसायचे, आणि माझं हसू संपेपर्यंत ते बघत राहायचे. पण निघताना प्रत्येक वेळी एक प्रश्न ठरलेला - "बाबा कसे आहेत? मशीन काय म्हणतंय?" आणि मी एका खोट्यावर दुसरं रचत जायचे. बाबा मशीन लावून फिरायला जातात... बाबा मशीन लावून बातम्या ऐकतात. तो माणूस चांगला वाटत होता, आणि जितका चांगला वाटायचा तितकी मला स्वतःची लाज वाटायची.

एका दुपारी त्यांचा फोन आला. "आप्पांनी मशीन डबीत टाकलंय. भांड्यांचा आवाज डोक्यात जातो म्हणतात. एकच हट्ट आहे - तिच्या बाबांशी बोलतो, ते म्हणाले तर लावतो. रविवारी येऊ का तुमच्याकडे?"

मी घरी जाऊन बाबांना सगळं सांगितलं. लाजेने मान वर होत नव्हती. "बाबा, फक्त एक तास..."

बाबांनी हातातला पेपर बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मी तासभर बहिरा होईन गं. पण त्या मुलाशी तू पुढे काय बोलणार आहेस? रोज काहीतरी नवीन?"

रविवारी मीच त्यांच्याकडे गेले, एकटी. आप्पा खिडकीजवळ बसले होते, सर आत काहीतरी आवरत होते. मशीन डबीत होतं, हे मी विसरलेच होते.

"आप्पा, मी खोटं बोलले," मी पुटपुटले.

"काय? फुटलं?"

"खोटं बोलले!"

"मोठ्याने बोल, पोरी!"

"मी खोटं बोलले!" मी ओरडले. "माझ्या बाबांना मशीन नाही! त्यांना छान ऐकू येतं!"

समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थांबून बघायला लागली. आतलं आवरणं थांबलं. सर दारात उभे होते. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते उभे राहिले.

"का?" त्यांनी विचारलं.

"विकायचं होतं म्हणून. आधी तेवढंच होतं. नंतर... नंतर तुम्ही याल की नाही, याची भीती वाटायला लागली."

मी आप्पांकडे वळून ओरडूनच म्हणाले, "परत करायची मुदत संपायला तीन दिवस आहेत. मशीन परत द्या, मी घेऊन जाते."

आप्पांनी डबी उघडली. चाचपडत मशीन कानात बसवलं आणि म्हणाले, "आता हळू बोल. सवय व्हायला किती दिवस लागतात? खरं सांग."

"दीड-दोन महिने. सुरुवातीला त्रास होतोच. आणि काहींना शेवटपर्यंत जमत नाही."

"हे पहिल्या दिवशी सांगितलं असतंस, तर मला वाटलं नसतं की माझंच काहीतरी चुकतंय." त्यांनी डबी बंद करून बाजूला ठेवली. "राहू दे हे माझ्याकडे."

सर मला सोडायला जिन्यापर्यंतही आले नाहीत.

साहेबांना मी सांगितलं, यापुढे घरचं उदाहरण देणार नाही. "हरिश्चंद्राची बहीण लागून गेलीस का?" ते म्हणाले. पहिल्या आठवड्यात तीन गिऱ्हाइकं तशीच परत गेली. पण त्यातल्या एक आजी दुसऱ्या दिवशी सुनेला घेऊन आल्या - "ही मुलगी वाईटसुद्धा सांगते, हिच्याकडूनच घेऊ." हळूहळू असे लोक वाढले. मला फारसं काही बोलावंच लागेना. पण दुकानाचं दार वाजलं की मी बघायचे... आणि पुन्हा मान खाली घालायचे.

सहा आठवड्यांनी दुकान बंद करताना समोर सर उभे होते.

"आप्पा आता दिवसभर लावतात," ते म्हणाले. "मी मात्र अजून चिडलोय."

"चिडायलाच हवं."

"तरी पाय इकडेच वळतात. त्याचं काय करू?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी आवडतो का तुम्हाला? विकायचं काही नसताना सांगा."

"हो," मी म्हणाले.

मग कोपऱ्यावरच्या हॉटेलकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "तिथला चहा कसा असतो?"

"बेकार. नुसतं कोमट पाणी."

ते हसले. कितीतरी दिवसांनी.

"तरी चल," ते म्हणाले.

पहिल्यांदाच... 'चला' नाही. चल.