तौनोच्या प्रिंटरचा खटका

ऐकीव गोष्ट नाही ही. जिच्या बाबतीत घडलं ती बाई आमच्या समोरच्याच घरात राहते. तुइरे तिचं नाव. जन्मभर इथे कायानी गावात बस चालवली. भुताखेतांचं सोडा, हवामान खात्यावरसुद्धा तिचा विश्वास नाही.

म्हणून तिने सांगितलं तेव्हा मी हसलो नाही.

डिसेंबरातला पहिला शनिवार. वेळ दुपारचीच, पण उत्तरेकडचा हिवाळा तो, बाहेर मिट्ट काळोख. तुइरे ओट्यापाशी पिराक्का, भात भरून ओव्हनमध्ये भाजायच्या करंज्या, वळत होती. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच.

तौनो ऑक्टोबरात गेला. त्याला नाद एकच, रेडिओ बनवायचा. त्यातली सर्किटंही विकतची चालायची नाहीत. अंगणातल्या सॉनाला, म्हणजे वाफेच्या न्हाणीला, लागून कपडे बदलायची खोली आहे. तिथे त्याने कुठल्याशा ऑफिसातून टाकून दिलेला लेझर प्रिंटर आणून ठेवला आणि त्याचं पोट फाडलं. कागदाऐवजी तांबं चढवलेली पाटी त्यातून सरळ पार जावी म्हणून. पाटीवर काळ्या पावडरीने सर्किट उमटायचं. मग पाटी भाजून पावडर पक्की करायची आणि रसायनात बुडवायची. उघडं तांबं विरघळून जायचं, काळ्या रेघांखालचं तेवढं उरायचं.

भाजायची कुठे?

तुइरेच्या ओव्हनमध्ये! अख्ख्या घरात जळक्या प्लास्टिकचा वास. पिराक्कांनासुद्धा. त्यावरून दोघांची वर्षानुवर्षं भांडणं.

त्याच्या छातीत कळा यायला लागल्या तेव्हा डॉक्टरची वेळ तिनेच घेतली. गाडी काढली, अंगणात हॉर्न वाजवत बसली.

"एवढी एक पाटी काढतो आणि आलोच!" तो आतून ओरडला.

आला नाही.

ती आत गेली तेव्हा तो प्रिंटरशेजारी पडला होता.

तुइरेला रडू आलं नाही. राग आला. दफनाला आलेल्यांनी हळू आवाजात सांत्वन केलं, तर म्हणाली, "दुःख कसलं? त्याला डॉक्टरपेक्षा पाटी प्यारी होती."

तर त्या शनिवारी ती पिराक्का वळत होती, आणि अंगणातून आवाज आला.

घर्रर्र... खट्.

तिने हात पुसले. बाहेर गेली. घरापासून सॉनापर्यंत ताजा बर्फ पडला होता. त्यावर एकही पाऊल नव्हतं.

खोलीत दिवा लावला. प्रिंटर गप्प. त्याची वायर जमिनीवर... सॉकेटपासून सुटलेली.

भीती नाही वाटली तिला. रागाने कानशिलं तापली.

घरात परतली, तर स्वयंपाकघरात तो वास.

ओव्हन तिने अजून लावलाच नव्हता. हात जवळ नेला... धगधगीत. दार उघडलं. आत काही नाही.

"मेल्या, किती वेळा सांगितलं, माझ्या ओव्हनमध्ये..."

आणि तिची जीभ अडखळली. आज तो शब्द खरा होता.

तिने तसाच फोन उचलला. रेयोला लावला. रेयो म्हणजे तौनोचा रेडिओ क्लबातला दोस्त.

"आत्ताच्या आत्ता ये आणि ते धूड घेऊन जा."

"अगं, बाहेर थंडी बघ किती आहे! वसंतात नेतो ना."

"नेतोस, का कुऱ्हाड घालू?"

रेयो बर्फावरची घसरगाडी ओढत आला. प्रिंटर उचलायचा सोडून प्लग लावायला लागला.

"चालतोय का ते तरी बघू दे."

"चालो नाहीतर मरो. उचल!"

"थांब गं जरा. ह्याला पाटी दिसत नाही. कागद नाही म्हणतो आणि अडून बसतो. पाटी आत शिरताना हा खटका बोटाने दाबून त्याला फसवायचं. तौनो इतका अचूक दाबायचा, मला कधी जमलं नाही."

प्रिंटर घुरघुरला. मग थांबला. कागद मागत होता.

"बघ, आता कुणीतरी दाबेपर्यंत..." रेयो म्हणाला.

त्याचे दोन्ही हात खिशात होते.

खटका... हळूच खाली गेला.

बोटाने दाबावा तसा. तिथेच थांबला. आतली चाकं फिरू लागली.

रेयोचा चेहरा पांढराफटक. "तुइरे... बाहेर चल."

"मी नाही जायची."

तो मात्र गेला. टोपी, घसरगाडी, सगळं टाकून पळाला.

तुइरेने पुढे होऊन त्या खटक्याखाली बोट घातलं आणि वर रेटलं. वर येईना. पलीकडून कुणीतरी दाबून धरलं होतं. जोर ओळखीचा होता.

"हॉर्न ऐकू येत होता ना तुला?" ती किंचाळली. "ऐकू येत होता ना? बसले होते मी गाडीत मूर्खासारखी! एक पाटी म्हणे! आता काढ, पोटभर काढ! आता कुणी नाही बोलवायचं तुला!"

खटका सुटला.

एकदम. तिचं बोट हवेत गेलं.

चाकं थांबली. इतकी शांतता, की तिला स्वतःचा श्वास दुसऱ्या कुणाचा वाटला.

मग तिने वायर हिसकली, तो प्रिंटर कवटाळून बाहेर ओढला, बर्फात पालथा केला आणि सरपणाची कुऱ्हाड घेतली. आम्हाला घरात आवाज येत होता. वाटलं, लाकडं फोडतेय.

चिंधड्या करून झाल्या. काळी पावडर बर्फभर पसरली. ती धापा टाकत दिवा मालवायला परत खोलीत गेली.

आणि आतल्या दारापलीकडून... सॉनातून...

स्स्स्स्स.

तापल्या दगडांवर पाणी ओतल्यासारखं.

सॉनाची भट्टी तौनो गेल्यापासून पेटलीच नव्हती.

तिने कडीला हात लावला. कडी कोमट होती.

पुन्हा... स्स्स्स्स.

आणि आत वरच्या फळीवरून कुणीतरी सुखाचा सुस्कारा सोडला.

"बस मग!" ती दारावर थाप मारून म्हणाली. "माझी काय बिशाद तुला उठवायची!"

दार न उघडताच ती घरी आली.

तेव्हापासून दर शनिवारी ती आमच्याकडे येते सॉनाला. फळीवर बसून तौनोला यथेच्छ शिव्या घालते. आम्ही ऐकून घेतो. परवा मात्र निघताना उंबऱ्यातच थांबली.

"उघडायला हवं होतं का रे दार?"



ती रस्ता ओलांडेपर्यंत मी बघत उभा होतो. सगळी छपरं बर्फाने पांढरी होती... तिच्या सॉनाचं तेवढं काळं, ओलं. कडेने पाणी ठिबकत होतं.

तिने मान वर करून बघितलं नाही. मीही तिला हाक मारली नाही.