टॉर्सोतला जास्तीचा तुकडा

आमच्या कॉलेजातला टॉर्सो वर्षभर पॉलिथिनमध्ये असतो. टॉर्सो म्हणजे प्लास्टिकचा बिनहातापायाचा माणूस. अर्धा चेहरा, गळा, उघडी छाती, उघडं पोट. आतले अवयव एकेक करून काढता येतात आणि परत बसवता येतात. पण ते आम्ही कधी केलं नाही. टॉर्सो महाग आहे, पोरं खराब करतील, म्हणून हात लावायचा नाही असा संस्थेचा नियम. तपासणीला समिती आली की तो कपाटातून निघतो, पॉलिथिनसकट टेबलावर बसतो, समितीबरोबर फोटो काढून घेतो आणि परत आत जातो. लग्नात आलेला सोफासुद्धा लोक इतका जपत नाहीत.

मुखेडहून जळकोटकडे निघालं की पत्र्याचं एक गोदाम लागतं, त्याच्या पुढे आमचं डी. फार्मसीचं कॉलेज. पहिल्या वर्षाला मी शरीररचना आणि शरीरक्रिया हा विषय शिकवतो, भिंतीवरच्या तक्त्यावर. मूळचा मी उदगीरचा. आमच्या अप्पांचं तिथं किराणा दुकान. गल्ल्याशेजारी बसवून अप्पांनी मला एकच विद्या दिली: गिऱ्हाईक पायरी चढलं की ते माल घेणार, की नुसती डाळ मुठीत घोळवून जाणार, हे चालीवरून ओळखायचं. वर्गातही मी तेच करतो. कोणाकडे काय आहे आणि कोण नुसतं घोळवतंय, ते मला दिसतं.

म्हणून धम्मप्रियाचं मला वाईट वाटायचं. ती उमरीची, मुखेडात खोली करून राहणारी. तिच्याकडे माल होता. लेखी पेपर असा लिहायची की मीच त्यातून शिकावं. पण तोंडी परीक्षेला परीक्षकासमोर बसली की गळा बंद. गेल्या वर्षी ती खुर्चीत नुसती बसून राहिली आणि नापास झाली. तिचे वडील संघपालराव पोस्टात आहेत. त्यांचा मला फोन आला होता.

"सर, पोरगी घरात तर लई बोलती की ओ! तुमच्याकडं आल्यावरच काय व्हतंय तिला?"

"घाबरते."

"मग या खेपेला बघू. न्हाई झालं तर मी कॉलेजातनं नाव काढतो तिचं. माझ्याच्यानं आणखी एक वर्ष व्हत न्हाई."

त्यात यंदा बाहेरचे परीक्षक म्हणून लातूरचे व्यंकटराव सर आले. पोरांनी त्यांना 'पुढच्या वर्षी' असं नाव ठेवलं होतं, कारण अडखळलेल्या पोराला ते "पुढच्या वर्षी या" म्हणून उठवायचे. मे महिन्यातही शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलं. त्यांनी प्रयोगशाळेत पाऊल ठेवलं, टॉर्सोकडे पाहिलं आणि कात्री मागितली.

"नवरदेव आहे का हा? झाकून काय ठेवलाय?"

पॉलिथिन त्यांनी स्वतः कापलं. म्हणाले, "प्रश्न कमी विचारीन. प्रत्येकानं अवयव काढायचे, नाव सांगायचं, काम सांगायचं, परत बसवायचे."

माझ्या पाठीत, दोन्ही खवाट्यांच्या मधोमध, कळ आली. ती मला समिती आली की येते आणि संस्थाचालकांचा फोन आला की येते. पोरांनी या प्लास्टिकच्या माणसाला बोटसुद्धा लावलेलं नव्हतं.

पहिला आला आदर्श, जळकोटचा. परीक्षेच्या सकाळी त्याच्या पोटात मुरडा उठतो; त्या दिवशी त्याची हजेरी संडासाच्या दारावरच घ्यावी. चेहरा पिठासारखा. त्याने छातीचं झाकण काढलं, फुप्फुसं काढली, यकृत काढलं, जठर उचललं आणि थांबला.

"सर, हे काय हाय?"

त्याच्या तळहातावर एक तुकडा होता. सुपारीपेक्षा थोडा मोठा, तांबूस काळा, गुळगुळीत. टॉर्सोच्या प्रत्येक अवयवावर नंबर चिकटवलेला असतो आणि मागे बसवायला खुंटी असते. याला नंबर नव्हता, खुंटी नव्हती.

व्यंकटराव सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "कंपनीनं जास्तीचा दिला असेल, सर."

"जास्तीचं कोण देतं हो आजकाल?"

आदर्शने तुकडा स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवला. ठेवल्याबरोबर त्याचे खांदे खाली आले. गालावर रंग आला. मग त्याने जठराचं काम सांगितलं, पित्त कुठं तयार होतं ते सांगितलं, आणि प्लीहेपाशी आल्यावर हसून म्हणाला, "हे येत न्हाई सर, वाचलंच न्हाई." असं परीक्षकाला हसत सांगणारं पोरगं मी बघितलं नव्हतं. सगळे अवयव त्याने बरोबर बसवले. कुठे पोकळी राहिली नाही. तुकडा तेवढा ट्रेमध्ये राहिला.

तो बाहेर पडला आणि संडासाकडे न जाता सरळ कॅन्टीनकडे गेला.

मग रेणुका. घाबरली की तिची छाती धडधडते, शेजारच्या बाकावर ऐकू जाते असं मैत्रिणी चिडवतात. तिला हृदयाच्या खाली तुकडा सापडला. मग मल्लिनाथ, ज्याला परीक्षेत धाप लागते. त्याला दोन फुप्फुसांच्या मधे. तिथं मी आधी स्वतः डोकावून पाहिलं होतं, काही नव्हतं. आता मी प्रत्येक पोरानंतर आत बघू लागलो, मोबाइलचा उजेड पाडू लागलो. रिकामं. पुढचं पोर हात घालायचं आणि काढायचं. कुणाचा हरभऱ्याएवढा, कुणाचा चिकूएवढा. ट्रेमध्ये त्यांची रांग होत गेली.

मी एका तुकड्याला हात लावून पाहिला. ट्रे पंख्याखाली होता, गार पडला होता. तुकडा कोमट होता.

कॅन्टीनच्या नागुबाई चहा घेऊन आल्या. ट्रेकडे बघून म्हणाल्या, "खजूर हाय का ओ सर?"

"नाही. हात लावू नका."

"न्हाई लावत. शिळं दिसायलंय."

परीक्षेच्या दिवशी आमच्या व्हरांड्यात मोहोळ उठल्यासारखी पुटपुट असते. प्रत्येक जण शेवटचं घोकत असतो. दुपारपर्यंत ती पुटपुट थांबली. हसणं ऐकू येऊ लागलं. बाहेर येऊन पाहिलं, तर ज्यांची परीक्षा झाली ती पोरं पहिल्या मजल्याच्या कठड्यावर पाय बाहेर सोडून बसली होती.

"उतरा रे खाली! पडाल!"

त्यांनी माझ्याकडे मायेनं पाहिलं, लहान पोराकडे बघावं तसं. आदर्श म्हणाला, "बसा की सर तुम्ही पण. लई मस्त वारं यायलंय."

जेवणाआधी व्यंकटराव सर टॉर्सोपाशी गेले. "ह्याची रचना मला समजेना," म्हणून त्यांनी स्वतःच अवयव काढायला घेतले. गळ्याखाली, हाडाच्या मागे, त्यांचा हात थांबला. बाहेर आला तो तुकडा पेरूएवढा होता. एवढा मोठा त्यांच्याकडे असेल असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी तो रांगेच्या शेवटी ठेवला आणि शर्टाचं वरचं बटण उघडलं. जेवताना तिसरी भाकरी मागून घेतली आणि नागुबाईंना विचारलं, "मावशी, ठेच्यात काय घातलंय? सांगा की."

पोरं पास होत होती. परीक्षक हसत होता. मीही हिशेब मांडला: तुकडे कसले का असेनात, यात कॉलेजचा तोटा काय?

जेवणानंतर धम्मप्रिया आली.

तिने नेहमीसारखं कुणाकडे न बघता काम सुरू केलं. झाकण, फुप्फुसं, हृदय. मग तिची बोटं श्वासनळीच्या मागे गेली आणि अडकली. तिने जोर लावला. तुकडा निघाला.

"आई गं!" ती म्हणाली. "लई मोकळं वाटायलंय."

मी तिचा आवाज पहिल्यांदा नीट ऐकला. भरदार आवाज होता.

"ठेव बाळ त्या ट्रेमध्ये," व्यंकटराव सर म्हणाले. "आणि बोल आता. काय येतं ते सगळं बोल."

तिने ट्रेकडे पाहिलं. रांगेकडे पाहिलं. मग तळहातावरच्या तुकड्याकडे.

"सर, हे काय हाय?"

"माहीत नाही."

"मग ठेवायला कशाला सांगायलात?"

सर हसले. मी डोळ्यांनी तिला खुणावत होतो: ठेव, ठेव ना बाई. एवढंच करायचं आणि वर्ष सुटतंय.

"मला पटत न्हाई सर," ती म्हणाली. "काहीच केलं न्हाई मी, आन् एवढं बरं वाटायलंय. ह्याच्यात काहीतरी गडबड हाय. मी परत ठेवते."

"त्याला तिथं जागा नाही," मी म्हणालो. "खुंटी नाही, खोबण नाही, बसणारच नाही."

तिने तुकडा श्वासनळीच्या मागे नेऊन दाबला. तो बसला.

आणि तिचं तोंड मिटलं. मानेच्या शिरा ताणल्या. ओठ हलले, आवाज नाही. गेल्या वर्षीची तीच मुलगी खुर्चीत बसली होती. मला संघपालरावांचा फोन आठवला. राग आला तिचा.

तेवढ्यात बाहेरून तापलेल्या वाऱ्याचा झोत आला आणि दार धाडकन आपटलं.

धम्मप्रिया दचकून खुर्चीतून अर्धी उठली. माझ्याही काळजात लक्कन झालं. व्यंकटराव सरांची पापणी हलली नाही. त्यांना दार आपटलेलं कळलंच नव्हतं.

मी ट्रेकडे पाहिलं.

रांग मोडली होती.

सगळे तुकडे दारापासून लांबच्या कोपऱ्यात गेले होते. एकमेकांना चिकटून. लहान आतल्या बाजूला, पेरूएवढा सगळ्यांच्या मागे.

ट्रेला कुणी हात लावला नव्हता.

धम्मप्रियानेही ते पाहिलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

मग तिने हृदय आणि फुप्फुसं जागेवर बसवली आणि बोट उचललं. तोंडातून शब्द नाही, पण बोट टॉर्सोवर ठेवलं: महाशिरेवरून हृदयाच्या उजव्या कप्प्यात, तिथून खाली, तिथून फुप्फुसाकडे, परत डाव्या बाजूला, मग महाधमनीतून वर. बोट हळू सरकत होतं, पण कुठे चुकलं नाही.

"बरोबर," व्यंकटराव सर म्हणाले. "पुढे? बरोबर. पुढे?" ते थांबत होते, तिला वेळ देत होते. शेवटी म्हणाले, "बोटाला सगळं माहीत आहे. बस झालं. पास."

ती बाहेर पळाली. मी खुर्चीत बसलो. सुटलो एकदाचा, असं मनात आलं, जसं काही वर्ष माझंच वाचलं होतं.

परीक्षक गाडीने लातूरला गेले. टॉर्सो आवरायचा राहिला होता. अवयव पुसून परत बसवायचे, म्हणून मी ते काढले. डाव्या फुप्फुसाच्या मागे, पाठीच्या बाजूला, बोटांना काहीतरी लागलं.

माझा तुकडा मला वाटला होता त्याहून मोठा निघाला.

परत ठेवावा असं एकदा वाटलं. तिने ठेवला होता, म्हणजे ठेवता येतो. पण पाठीतली कळ गेली होती. इतक्या वर्षांची कळ. मी तो ट्रेमध्ये ठेवला. कोपऱ्यातल्या बाकीच्यांनी सरकून त्याला जागा दिली. मला त्याचं काही वाटलं नाही. कापलेल्या पॉलिथिनमध्ये सगळे तुकडे गुंडाळले, कपाटात ठेवले, कुलूप लावलं. जिना उतरताना मी गुणगुणत होतो.

पोरं फाट्यावर एसटीची वाट बघत होती. थट्टामस्करी चालली होती. मी त्यांच्यात जाऊन उभा राहिलो. रेणुका माझी नक्कल करत होती, तक्त्यावर छडी कशी आपटतो त्याची, आणि अगदी हुबेहूब. मी पोट धरून हसलो. धम्मप्रिया तेवढी लांब, बाभळीखाली उभी होती. कुठूनतरी हॉर्न वाजत होता. बराच वेळ वाजत होता.

"सर! ओ सर! गाडी! सरका, गाडी आली!"

कुणाचा इतका मोठा आवाज, म्हणून मी वळून पाहिलं. धम्मप्रिया धावत येत होती. तिने माझी बाही धरून ओढली, पण मी जागचा हललो नाही. कशासाठी हलायचं ते मला कळेना. ब्रेक किंचाळले. धूळ उडाली.

मग मला दिसलं की आम्ही सगळे रस्त्याच्या मधोमध उभे होतो.

"मरायचं हाय का रे समद्याला?" ड्रायव्हर खिडकीतून ओरडला.

"न्हाई ओ काका," आदर्श हसून म्हणाला. आणि तिथंच उभा राहिला.

धम्मप्रिया एकेकाचं नाव घेऊन ओरडत होती, एकेकाला दंडाला धरून कडेला नेत होती. रेणुकाला नेऊन ठेवलं, मल्लिनाथला आणायला वळली, तोवर रेणुका पुन्हा रस्त्यात आली. धम्मप्रियाचा आवाज फाटला होता, पण थांबत नव्हता.

एसटीचं तापलेलं तोंड माझ्या छातीपासून वीतभरावर होतं. मी सवयीनं मनगट धरून बघितलं. नाडी झोपलेल्या माणसासारखी संथ चालली होती.